मीटर हातात असताना

गेल्या पावसाळ्यात घरातला एक सॉकेट तपासायला मी मल्टिमीटरच्या दोन पिना त्यात घातल्या. खट्‌कन आवाज झाला, निळा जाळ उडाला आणि घरभर अंधार. एका पिनेचं टोक काळं पडलं होतं. मला काही झालं नाही, हे नशीब.

मीटर बिघडलेला नव्हता. आदल्या दिवशी करंट मोजताना लाल वायर मी '१० अ‍ॅम्पिअर'च्या भोकात लावली होती, ती तशीच राहिली होती. व्होल्टेज मोजताना मीटर स्वतःतून जवळजवळ काहीच करंट जाऊ देत नाही. करंट मोजताना मात्र तो साध्या तारेसारखा वागतो. म्हणजे मी २३० व्होल्टचे फेज आणि न्यूट्रल सरळ एकमेकांना जोडले होते. त्या भोकापाशी 'अनफ्यूज्ड' असं छापलेलंही होतं. मी ते कधी वाचलं नव्हतं.

माझे मामा वायरमन आहेत. ते आले, पिनेकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, मीटर काय दाखवतो ते नंतर. आधी वायर कुठल्या भोकात आहे ते बघायचं."

त्यानंतर मी वीज मोजण्याचा इतिहास वाचायला घेतला, आणि पहिल्याच पानांत एक मृत्यू भेटला. १७५३च्या ऑगस्टमध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिचमन हे शास्त्रज्ञ ढगांतली वीज मोजत होते. छपरावरच्या लोखंडी कांबीपासून तार खोलीत आणलेली. तारेला एक धातूची पट्टी, पट्टीला दोरा. विद्युतभार वाढला की दोरा पट्टीपासून दूर सरकायचा आणि तो कोन वाचायचा. कांब मुद्दामच जमिनीशी जोडलेली नव्हती. जोडली असती तर मोजायला काही उरलंच नसतं. कोन वाचायला रिचमन पुढे झुकले आणि उपकरणातून निघालेला लोळ त्यांच्या कपाळावर आदळला. ते जागीच गेले.

त्यानंतर वीसेक वर्षांनी इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी तर स्वतःलाच मीटर केलं. कुठल्या द्रावणातून वीज किती सहज जाते हे ठरवायला ते तिचा झटका स्वतःच्या अंगातून जाऊ देत आणि कुठला झटका जास्त जोरात बसला याची तुलना करत. त्यांच्या या नोंदी मॅक्सवेल यांनी १८७९ साली प्रसिद्ध केल्या.

हे वाचून हसू येतं, पण आपल्या घरातला टेस्टर त्याच घराण्यातला आहे. त्याच्या टोपीवर बोट ठेवल्याशिवाय दिवा लागत नाही, कारण करंट आपल्या अंगातूनच पुढे जातो. आतल्या मोठ्या रोधामुळे तो इतका कमी असतो की जाणवत नाही. आणि म्हणूनच प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहिलं तर वीज असूनही दिवा मंद दिसू शकतो.

माणसाचं अंग या मोजमापातून बाहेर काढलं ते काट्याच्या मीटरांनी. १९२३ साली ब्रिटिश टपाल खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी यांचा 'एव्हो' बाजारात आला. अ‍ॅम्पिअर, व्होल्ट, ओहम, तिन्ही एकाच पेटीत. वेगवेगळी उपकरणं वाहून नेण्याचा त्यांना कंटाळा आला होता. मोठीच सोय झाली. पण त्याच दोन वायरी आता तीन कामांना आल्या, आणि आत्ता कुठलं काम चालू आहे हे लक्षात ठेवणं माणसाकडे राहिलं. माझी चूक नेमकी तिथली.

मामांची रीत आता मी पाळतो. आधी भोकं आणि डायल बघायची. मग चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर मीटर तपासायचा, मग बंद केलेल्या जागी, आणि पुन्हा त्या चालू सॉकेटवर. मधल्या वेळात वायर तुटली असेल, तर दिसलेलं शून्य खोटं असतं. पिनेवर जी उंच कड असते, तिच्या पुढे बोट जाऊ द्यायचं नाही.

ती जळकी पिन मी आठवण म्हणून ठेवणार होतो. मामांनी पक्कड घेऊन तिचे दोन तुकडे केले. म्हणाले, "घरात राहिली तर कधीतरी वापरशील."