योजनापासून पारसेकपर्यंत

खगोलीय एकक, प्रकाशवर्ष आणि पारसेक यांच्या व्याख्या तुम्ही पाठ केल्या असतील. ही एकके कोणत्या अडचणीतून आली, ते आता पाहू. मोहालीत अभियांत्रिकीच्या मुलांना मोजमाप शिकवताना मी सुरुवात भास्कराचार्यांच्या आकड्यांनी करतो.

१. योजन

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यांनी चंद्राचे अंतर ५१,५६६ योजने आणि सूर्याचे ६,८९,३७७ योजने दिले आहे. योजन नेमके किती लांब, यावर मतभेद आहेत. पण पृथ्वीचा व्यासही त्यांनी योजनांतच दिला आहे : सुमारे १,५८१. म्हणून भागाकार करा. चंद्र ३२.६ पृथ्वीव्यास दूर येतो; आजचे मूल्य ३०.२ आहे. सूर्य ४३६ व्यास दूर येतो; आजचे मूल्य सुमारे ११,७४० आहे. चंद्र जवळपास बरोबर, सूर्य मात्र २७ पट चुकला. असे का?

सूर्याच्या अंतराला चंद्राच्या अंतराने भागा : १३.३७. आता वर्षाच्या ३६५.२६ दिवसांना नाक्षत्र मासाच्या २७.३२ दिवसांनी भागा : पुन्हा १३.३७! सर्व ग्रह रोज सारखेच अंतर कापतात, असे सिद्धान्तकारांनी गृहीत धरले होते. चंद्राचे लंबन, म्हणजे पराशय, सुमारे १ अंश असते. सूर्याचे जेमतेम ८.८ विकला. दुर्बिणीशिवाय ते मोजणे अशक्य होते. म्हणजे सूर्याचे अंतर मोजलेले नव्हते, गृहीतकावरून काढलेले होते.

२. खगोलीय एकक

केप्लरच्या १६१९ च्या नियमाने ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरे मिळाली, पण किलोमीटर मिळेनात. म्हणून पृथ्वी-सूर्य अंतरच १ मानले गेले. १६७२ मध्ये कासिनीने पॅरिसहून आणि रिशेने केयेनहून मंगळ पाहिला. त्यावरून सूर्य सुमारे १४ कोटी किमी दूर आला. पुढे रडारने अचूकता वाढली. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने हे एकक नेमके १,४९,५९,७८,७०,७०० मीटर ठरवले.

३. प्रकाशवर्ष आणि पारसेक

१८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला. अंतर सहा लाख खगोलीय एककांहून अधिक निघाले. ते समजावे म्हणून त्याने प्रकाशाला लागणारी वर्षे सांगितली. ज्या ताऱ्याचा पराशय १ विकला, त्याचे अंतर १ पारसेक, म्हणजे २,०६,२६५ खगोलीय एकके किंवा ३.२६ प्रकाशवर्षे. पायाचे एकक चुकले, तर ताऱ्यांची किलोमीटरमधली अंतरेही त्याच प्रमाणात चुकतात.

कोणतेही अंतर वहीत लिहिण्यापूर्वी विचारा : हे मोजले आहे, की गृहीत धरून काढले आहे?

स्वाध्याय : शनीचा प्रदक्षिणाकाळ २९.४६ वर्षे आहे. समान गतीच्या नियमाने आणि केप्लरच्या नियमाने शनी सूर्याच्या अंतराच्या किती पट दूर येतो, ते काढा. (उत्तर : २९.४६ आणि ९.५४)