कळलावी : प्रसूतीच्या खोलीतील वास

१/ कागलमध्ये आमच्या गल्लीत बाळंतीण घरी आली, की सकाळी ओव्याचा आणि वावडिंगाचा धूर दारातून बाहेर येऊ लागतो. बाळाला न्हाऊ घातले, की निखाऱ्यांवर धुरी. (बालरोगतज्ज्ञ आता याला मनाई करतात, आणि ते योग्यच आहे.) हा वास आपण बाळंतपणानंतरचा समजतो. जुना ग्रंथ मात्र त्याला कळा सुरू असतानाच खोलीत आणतो.

२/ तो ग्रंथ म्हणजे चरकसंहिता, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. शारीरस्थान, आठवा अध्याय. कळा येतात, पण सुटका होत नाही, अशा स्त्रीला कोष्ठ, वेलदोडा, लांगली, वेखंड, चित्रक इत्यादींचे चूर्ण पुनःपुन्हा हुंगावयास द्यावे. भूर्जपत्राचा किंवा शिसमाच्या गाभ्याचा धूर द्यावा. मधूनमधून कंबर, कुशी, पाठ आणि मांड्या कोमट तेलाने सोसवेल अशा चोळाव्यात.

३/ मन प्रसन्न करण्यापेक्षा अडलेल्या कळांना चेतवणे, हाच हेतू मला दिसतो.

४/ यादीतील लांगली म्हणजे आपली कळलावी. नावाची फोड करून पाहा : कळ लावणारी. नारदाला कळलाव्या म्हणतात ती कळ भांडणाची, ही पोटातली. वार अडकल्यास हिच्या मुळाचा लेप तळहातांना व तळपायांना लावावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. संस्कृत नावात नांगर आहे. मराठी नावात मात्र बाळंतपणाची खोली शिल्लक राहिली.

५/ पावसाळ्यात कुंपणांवर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले दिसतात, ती हिचीच. तिच्या सर्वांगात कोल्चिसीन हे विष असते. कंद पोटात गेल्यास माणूस दगावतो. चरक येथे ती हुंगावयास देतो, खावयास नव्हे. तरीही कोणीही हा प्रयोग करू नये.

६/ आधुनिक काळातही हा प्रश्न संपलेला नाही. १९९० च्या दशकात ऑक्सफर्डच्या रुग्णालयात सुईणींनी ८,०५८ स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी लव्हेंडरसारखी तेले दिली. निम्म्याहून अधिक जणींना त्यांचा उपयोग वाटला. पुढे २०११ च्या कॉक्रेन आढाव्याला मात्र केवळ दोन चाचण्या आणि ५३५ स्त्रिया मिळाल्या. वेदना कमी होतात असे त्यावरून सिद्ध झाले नाही.

७/ चरकातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग चूर्णाच्या लगेच आधी येतो. काही आचार्यांचे मत असे, की कळा देणाऱ्या स्त्रीला उठवून, हाती मुसळ देऊन उखळातले धान्य कांडायला लावावे. आत्रेय हे स्पष्ट नाकारतात. गर्भिणीला कठोर श्रम वर्ज्य आहेत, आणि प्रसूतीच्या क्षणी तर तिचे प्राणच जाऊ शकतात. तिने जांभया द्याव्यात, येरझारा घालाव्यात, एवढेच. भोवती अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात, हेही याच अध्यायात आहे. मुसळाला नकार देण्याचे शहाणपण आत्रेयांना त्या स्त्रियांकडूनच मिळाले असावे, असे माझे मत.