गाडीखाली न शिरता इंजिन ऑइल बदलता येतं. पण ब्रेक ऑइलला घाई नको!

वाडी-वस्तीवर आता दारोदार चारचाकी दिसते. सर्व्हिसिंगसाठी तालुक्याला जायचं तर अख्खा दिवस मोडतो, म्हणून बरेच जण इंजिन ऑइल घरीच बदलतात. रीत ठरलेली. जॅक लावायचा नाहीतर पुढची चाकं दगडावर चढवायची, खाली पोतं टाकायचं आणि पाठीवर सरकत गाडीखाली शिरायचं. धोका इथंच आहे. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, माणूस खाली झोपवण्यासाठी नाही. अंगणातली माती दबली की तो कलंडायला क्षण पुरतो. व्हॅक्यूम पंप असेल तर तेच काम बॉनेट उघडून, उभ्या-उभ्या होतं.

हा पंप म्हणजे काही जादू नाही. विहिरीवरची मोटर पाणी ओढते तेच तत्त्व. पंप डब्यातली हवा काढून घेतो, मग बाहेरच्या हवेचा दाब ऑइलला नळीतून डब्यात ढकलतो. हवेचा हा दाब सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. म्हणून तर विहिरीवरची मोटर पाण्यापासून २०-२५ फुटांपेक्षा वर बसवली की पाणी धरत नाही. गाडीत ऑइल दोन-तीन फूटच वर आणायचं असतं, त्यामुळे उंचीची अडचण नाही. अडचण घट्टपणाची. थंड ऑइल बारीक नळीतून काकवीसारखं येतं, गरम केलं की पाण्यासारखं धावतं.

पंप कोणता घ्यावा?

घरगुती कामाला हाताने दट्ट्या मारायचा, खाली ५-६ लिटरचा डबा असलेला पंप पुरेसा आहे. वीज नको, बॅटरी नको. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरवर चालणारा प्रकारही असतो, तो झपाट्याने ओढतो. पिस्तुलासारखा मीटरवाला छोटा पंप मात्र ब्रेकच्या कामाचा. इंजिन ऑइल काढायला त्याने संध्याकाळ होईल. फ्रीज-एसीवाले गॅस भरण्याआधी लावतात तो व्हॅक्यूम पंप वेगळा, त्यात पातळ पदार्थ गेला की तो खराब होतो. आणि गोठ्यातल्या दूध काढायच्या मशीनला नळी जोडून ऑइल ओढायचा जुगाड कोणी करू नये. त्या यंत्रातून घरात दूध येतं.

पेट्रोल तर कोणत्याच ऑइलच्या पंपाने ओढायचं नाही. विजेवर चालणाऱ्या पंपाच्या एका ठिणगीवर भडका होतो.

इंजिन ऑइल असं काढा

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन ५-१० मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि तेवढाच वेळ थांबा, म्हणजे ऑइल चेंबरमध्ये उतरेल. कोमट-गरम ऑइल हवं, उकळतं नको; पंपाच्या प्लास्टिक नळीवर तापमानाची मर्यादा लिहिलेली असते.

ऑइल मोजायची पट्टी उपसून तिच्या जागी बारीक नळी सोडा. तळाला टेकल्याचं हाताला कळतं, पुढे रेटू नका. मग दट्ट्याचे १५-२० हात मारा आणि सोडून द्या. ऑइल आपोआप येत राहतं, दहा ते वीस मिनिटं लागतात. चहा प्यायला जायला हरकत नाही, पण पोरं-बाळं जवळ नकोत. नळीत गुरगुर आवाज आला की नळी थोडी वर-खाली, डावी-उजवी करा. तळातलं राहिलेलं येतं.

आता बहुतेक जण विसरतात ती गोष्ट. निघालेलं ऑइल मोजा. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३ लिटर, जीप-पिकअपमध्ये ५ ते ६ लिटर ऑइल असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. बरंच कमी निघालं तर एकतर आधीच ऑइल कमी होतं, नाहीतर नळी तळाला पोचली नाही. काही गाड्यांत पट्टीची वाट वाकडी असते, नळी अडते आणि अर्धा-पाऊण लिटर काळं ऑइल आतच राहतं. तसंच पूर्ण मापाने नवीन ओतलं तर पातळी वर जाते, आणि जास्त ऑइलही इंजिनला कमी ऑइलइतकंच वाईट. म्हणून थोडं कमी ओता, इंजिन एक मिनिट चालवून बंद करा, पाच मिनिटांनी पट्टी बघा, मग दोन खुणांच्या मध्ये पातळी आणा.

फिल्टर पंपाने बदलत नाही. बऱ्याच गाड्यांत तो खालूनच निघतो आणि जुन्या फिल्टरवर नवीन ऑइल घालणं म्हणजे न धुतलेल्या हंड्यात पाणी भरणं. फिल्टरसाठी खाली जावंच लागत असेल तर मजबूत स्टँड लावा किंवा गाडी गॅरेजच्या रॅम्पवर न्या. शिवाय खालचा नट खोलल्यावर तळाचा गाळ पडतो, लोखंडाचा कीस आला तर इंजिन झिजतंय हे समजतं. पंप हे सांगत नाही. त्यामुळे दोनदा पंपाने काढलं तर तिसऱ्यांदा नट खोलून काढणं बरं. ट्रॅक्टरला तर या पंपाची गरजच नाही. त्याचा नट हाताला सहज येतो, आणि गिअर-हायड्रॉलिकचं घट्ट ऑइल पंपाने ओढत बसण्यात वेळच जातो.

ब्रेक ऑइलची गोष्ट वेगळी

इंजिन ऑइलमध्ये चूक झाली तर खर्च होतो. ब्रेकमध्ये चूक झाली तर गगनबावड्याचा करूळ घाट उतरताना पायाखालचं पॅडल थेट तळाला जातं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १४० अंशांपर्यंत घसरते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकाजवळचं ऑइल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफ दबते, म्हणून ब्रेक लागत नाही. जास्त पावसाच्या तालुक्यांत दर दोन वर्षांनी ते बदलावं ते यासाठी.

इंजिन ऑइल ओढलेला पंप किंवा नळी ब्रेकला लावायची नाही, कितीही धुतली तरी. इंजिन ऑइलचा अंश गेला तरी ब्रेकमधले रबर फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळे रबर बदलावे लागतात. झाकणावर लिहिलेला डॉट नंबरच वापरा, डॉट ५ तर मिसळूच नका.

पद्धत अशी. आधी बॉनेटमधल्या डबीतलं काळपट ऑइल स्वच्छ सिरिंजने काढा आणि सीलबंद बाटलीतलं नवीन भरा. मग चाकाच्या निप्पलला पंपाची नळी घट्ट बसवा, व्हॅक्यूम करा, निप्पल पाव ते अर्धा फेरा सैल करा. स्वच्छ ऑइल येईपर्यंत ओढा आणि व्हॅक्यूम असतानाच निप्पल आवळा. चाकांचा क्रम पुस्तकात बघा. जुन्या गाड्यांत साधारण लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. या सगळ्यात डबी एकदाही रिकामी होता कामा नये. वरून हवा शिरली तर सगळी मेहनत पहिल्यापासून.

नळीत बुडबुडे दिसत राहिले तर घाबरू नका. सैल निप्पलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते, ते बुडबुडे आतले असतीलच असं नाही. खरी परीक्षा पॅडलची. ते कडक आणि वरच थांबलं पाहिजे. स्पंजासारखं लागलं तर गाडी रस्त्यावर काढायचीच नाही. एकाने पॅडल दाबायचं, दुसऱ्याने निप्पल खोलायचा, या जुन्या पद्धतीने हवा काढा. एबीएसच्या गाडीत आतपर्यंत हवा गेली तर स्कॅनर जोडल्याशिवाय ती निघेलच असं नाही. अशा गाडीचा मेस्त्री गाडीपाशी बोलवावा.

काढलेल्या ऑइलचं काय?

कूलंट इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच डबीतून ओढा, गरम रेडिएटरचं झाकण उघडल्यास चेहरा भाजतो. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. अंगणात सांडलं तर कुत्रं किंवा वासरू चाटतं, म्हणून लगेच माती टाकून उचला.

जळकं इंजिन ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा चुलीत नको. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, कूलंट आणि ब्रेक ऑइल त्यात न मिसळता, अधिकृत संकलकाकडे ऑइल देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचवा. नवीन ऑइलचा रिकामा डबा भंगारात देताना त्याला खिळ्याने भोकं पाडा, नाहीतर त्याच डब्यात बनावट ऑइल भरून पुन्हा विकलं जाण्याची भीती असते. आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा.