मोटरचा पहिला झटका

टेबलावर ही १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर ठेवली आहे. तिच्या वाइंडिंगचा रोध आहे १.५ ओहम. ओहमचा नियम आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलाय, तेव्हा १२ भागिले १.५, म्हणजे ८ अँपिअर. पण मोटर मोकळी फिरत असताना मीटर दाखवतो जेमतेम अर्धा अँपिअर! ओहम चुकला का? नाही. उरलेला दाब कुठे गेला, हा आजचा प्रश्न.

यासाठी १८३४ सालात जाऊ. त्या वर्षी कोनिग्सबर्गमध्ये मोरित्झ याकोबीने प्रत्यक्ष फिरणारी विजेची मोटर बनवली. आणि त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला लेन्झने आपला नियम मांडला: चुंबकक्षेत्रात हलणाऱ्या तारेत जी वीज निर्माण होते, ती त्या हालचालीलाच विरोध करते. म्हणजे फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते, आणि बॅटरीच्या उलट दिशेने ढकलत असते. आपल्या मोटरमध्ये हा विरोधी दाब ११.२५ व्होल्ट आहे. वाइंडिंगच्या वाट्याला उरतो पाऊण व्होल्ट, म्हणून अर्धा अँपिअर. पण मोटर थांबलेली असताना विरोध शून्य! त्या क्षणी पूर्ण ८ अँपिअर वाहतो, सोळा पट. आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २५६ पट.

मोठ्या मोटरींच्या काळात यावर उपाय निघाला तो सरळ होता: सुरुवातीला मध्ये रोध घालायचा, वेग येईल तसा एक-एक टप्पा काढून टाकायचा. कारखान्यात यासाठी हँडलवाली स्टार्टरची पेटी असे. हँडल सावकाश सरकवायचं, घाई केली की फ्यूज गेलाच. त्या पेटीतली एक गोष्ट मला फार आवडते. हँडल शेवटच्या टप्प्यावर एक छोटा विद्युतचुंबक धरून ठेवतो. वीज गेली की तो सोडतो आणि स्प्रिंग हँडलला परत सुरुवातीला आणते. का? कारण वीज परत येते तेव्हा मोटर थांबलेली असते, आणि मध्ये रोध नसेल तर सगळा लोंढा तिच्या अंगावर येईल.

आपल्यापैकी अनेकांनी हा उपाय अंगावर अनुभवलाय. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला १५०० व्होल्ट डीसीवर विजेची गाडी धावली. पुढे अनेक दशकं मुंबईच्या लोकल सुटताना टप्प्याटप्प्याने हिसके देत, ते हिसके म्हणजे एकेक रोध बाजूला होणं. २०१६ मध्ये डीसी गेली.

पण आजचा खरा नायक चार्ल्स केटरिंग. १९०४ मध्ये तो अमेरिकेत डेटन इथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागला. दुकानाच्या गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवायचं काम त्याच्याकडे होतं. गल्ला उघडायला क्षणभर जोर लागतो, मग मोटर निवांत बसते. त्या क्षणापुरता तिच्यावर कितीही भार टाकला तरी चालतं, कारण वाइंडिंग तापायलाच वेळ मिळत नाही! इतरांनी शत्रू मानलेला झटका केटरिंगने कामाला लावला.

तेव्हा मोटारगाडी हँडल मारून सुरू करत, आणि इंजिन उलट फिरलं की मनगटच मोडायचं. कॅडिलॅकच्या हेन्री लेलंडने त्याला यावर काम दिलं. जाणकार म्हणत, इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल. ते चूक नव्हते. सतत फिरवायचं असतं तर लागलीच असती. केटरिंगला तर काही सेकंदच फिरवायचं होतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ-स्टार्टर आला, आणि हँडल हळूहळू गाड्यांतून गेलं.

आता घरातल्या टेबलावर येऊ. विद्यार्थी रोबोट बनवतात, मोटर सुरू होते आणि मायक्रोकंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ते बिचारे प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात! मीही माझ्या पहिल्या सर्किटमध्ये एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. खरं कारण असं की मोटरने लोंढा ओढला, बॅटरीचा दाब कोसळला. उपाय म्हणजे कंट्रोलरला वेगळा पुरवठा द्या, किंवा त्याच्या टोकांवर मोठा कपॅसिटर लावा. पुरवठा एकच असेल तर मोटरला दाब एकदम न देता पीडब्ल्यूएमने हळूहळू वाढवत न्या; हे जुन्या हँडलचंच काम, फक्त आता ट्रान्झिस्टर करतो. थर्मिस्टरही आहे: थंड असताना रोध जास्त, तापला की कमी. तापल्यावर रोध घटणारा पदार्थ फॅराडेने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. मात्र वारंवार चालू-बंद करणार असाल तर थर्मिस्टरवर विसंबू नका, तो थंड व्हायला वेळ घेतो आणि तापलेला असताना झटका अडवत नाही.

आणि मोटरचा दांडा अडकला तर? मग विरोधी दाब तयारच होत नाही, सुरुवातीचा झटका संपतच नाही. म्हणूनच गाडीची किल्ली थोड्या सेकंदांनी सोडून, मधे थांबून मग पुन्हा फिरवा असं सांगतात. केटरिंगची सगळी युक्ती त्या थोड्या सेकंदांवरच उभी आहे.