दोन खोरी, खिंड नाही

सह्याद्रीत चार दिवस भटकलेल्या माणसाला खिंड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. डोंगराच्या धारेवरून चालत आलात तर खिंड ही वाटेतली सगळ्यात खालची जागा. एका खोऱ्यातून चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं असेल, तर तीच खिंड वाटेतली सगळ्यात उंच जागा. गणितात अशा जागेला घोड्याच्या खोगिराची उपमा देतात आणि मराठी परिभाषेत ‘पल्याण बिंदू’ म्हणतात. मला आपली खिंडच बरी वाटते.

आता एक प्रश्न. शेजारी शेजारी दोन खोरी आहेत. मग त्यांच्यामध्ये कुठेतरी खिंड असलीच पाहिजे, नाही का? बहुतेक जण चटकन ‘हो’ म्हणतील. मीही म्हणालो होतो. या ‘हो’चा इतिहास मात्र सरळ नाही.

तो सुरू होतो एका वकिलापासून. आर्थर केली हा एकोणिसाव्या शतकातला मोठा इंग्रज गणिती. पण पोटापाण्यासाठी त्याने चौदा वर्षं लंडनमध्ये वकिली केली. त्याच काळात, १८५९ साली, त्याने समोच्च रेषा आणि उताराच्या रेषा यांवर एक छोटा निबंध लिहिला. नकाशावर समान उंचीच्या रेषा काढल्या तर शिखराभोवती आणि खोलगट तळाभोवती त्या बंद कड्यांसारख्या दिसतात, आणि खिंडीपाशी एकमेकींना छेदतात, हे त्याने नीट मांडलं.

अकरा वर्षांनी, १८७० मध्ये, जेम्स क्लार्क मॅक्सवेलने हाच धागा उचलला. विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांचा तोच मॅक्सवेल. त्याने टेकड्या आणि दऱ्यांवर निबंध लिहिला आणि त्यांची चक्क मोजदाद केली. साऱ्या पृथ्वीचा पृष्ठभाग घेतला, तर शिखरं अधिक तळ वजा खिंडी यांचं उत्तर नेहमी २ येतं. एखादं बेट घेतलं, ज्याचे सगळे किनारे समुद्राकडे उतरतात, तर तेच उत्तर १ येतं. डोंगर कसेही रचा, हिशेब बदलत नाही. पुढे १९२५ साली अमेरिकन गणिती मार्स्टन मोर्सने ही मोजदाद कितीही चलांपर्यंत नेली, आणि आज तो सिद्धांत त्याच्या नावाने ओळखला जातो.

बहुपदींना हा हिशेब लावून पाहू. दोन चलांची बहुपदी म्हणजे क्ष आणि य यांच्या घातांची बेरीज-वजाबाकी. प्रत्येक (क्ष, य) जागी तिची किंमत म्हणजे तिथली उंची, की झाला भूप्रदेश तयार. (क्ष² − १)² + (य² − १)² ही चौथ्या घाताची बहुपदी घ्या. जमीन क्षणभर सपाट होते अशा जागा इथे ९ आहेत: ४ तळ, मधोमध १ शिखर, आणि ४ खिंडी. चार अधिक एक वजा चार, उत्तर १. चारी बाजूंनी उंचावत जाणारी ही परात म्हणजे उलटं केलेलं बेटच. शिवाय फ्रेंच गणिती बेझू याच्या अठराव्या शतकातल्या प्रमेयातून असं निघतं, की ‘न’ घाताच्या बहुपदीला अशा सुट्या सपाट जागा जास्तीत जास्त (न − १)² असू शकतात. इथे ३ चा वर्ग, ९. मर्यादा पुरेपूर वापरली गेली आहे. हे दोन हिशेब एकत्र केले की किती तळ शक्य आहेत यालाही बांध पडतो. इथवर सगळं छान जुळतं.

पण तळ मोजायचा तर आधी तो ओळखता यायला हवा, आणि तिथे भले भले फसले होते. १८८४ साली तुरीनमध्ये कॅल्क्युलसचं एक पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर नाव होतं साठी उलटलेल्या प्राध्यापक अँजेलो जेनोक्की यांचं. लिहिलं होतं त्यांचा सव्वीस वर्षांचा सहायक ज्युसेप्पे पेआनो याने, स्वतःची भर घालून. त्या काळी मान्यता पावलेली पाठ्यपुस्तकं तळ ओळखण्याचा जो निकष देत होती तो चुकीचा आहे, हे पेआनोने एका उदाहरणाने दाखवलं. त्याच जातीचं सोपं रूप असं: (य − क्ष²)(य − ३क्ष²). शून्यापाशी उभे राहा आणि कुठल्याही सरळ रेषेत चालू लागा. सुरुवातीला चढच लागतो. वाटतं, आपण तळाशी आहोत. पण य = २क्ष² या वक्रावरून चाला. एक कंस धन, दुसरा ऋण, गुणाकार −क्ष⁴. पहिल्या पावलापासून उतार! सगळ्या सरळ वाटा खरं बोलत होत्या, आणि तरी निष्कर्ष खोटा होता.

जेनोक्कींनी पुस्तकातल्या बदलांशी आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं. त्यांची बाजूही समजते: आयुष्यभर शिकवलेला विषय स्वतःच्या नावावर, पण दुसऱ्याच्या लेखणीने छापून आलेला. आज मात्र ते पुस्तक लक्षात आहे ते त्या भरीसाठीच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. एकाच चलाचा आलेख असेल तर दोन तळांमध्ये उंचवटा असतोच, हे खरं. आणि सपाट जागा एकच असून ती तळ असेल, तर तोच सगळ्यात खालचा, हेही खरं. दोन चलांत दोन्ही कोसळतात. आयरा रोझेनहोल्ट्झ आणि लोवेल स्मायली यांनी १९८५ साली या दुसऱ्या समजुतीवर एक लेख लिहिला. ती कशी मोडते ते क्ष² + य²(१ + क्ष)³ या बहुपदीवर पाहता येतं. हिला एकच सपाट जागा, (०, ०), आणि तो तळ आहे, उंची ०. पण क्ष = −२, य = ३ घालून पाहा: ४ − ९, म्हणजे −५. एकुलता एक तळ, आणि तरी त्याहून खालची जमीन आहे.

पहिली समजूत मोडणारी बहुपदी आज कॅल्क्युलसच्या पाठ्यपुस्तकात स्वाध्याय म्हणून सापडते: (क्ष²य − क्ष − १)² + (क्ष² − १)². दोन वर्गांची बेरीज, म्हणजे ऋण होणार नाही. ती शून्य होते फक्त (१, २) आणि (−१, ०) इथे. दोन खोरी. बाकी सपाट जागा शोधा, एकही नाही. खिंड नाही, शिखर नाही.

मग या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जायचं कसं? वाटेत क्ष = ० ही रेषा ओलांडावीच लागते, आणि तिच्यावर सगळीकडे उंची बरोबर २ आहे. शिवाय रेषेच्या उजव्या अंगाला जमीन अजून थोडी चढते. य = १० पाशी ओलांडलं तर वाटेतली कमाल उंची सुमारे २.०५ भरते; य = १०० पाशी सुमारे २.००५. जितकं दूर जाल तितका घाट सोपा, पण २ वर कधीच टेकत नाही. खिंड आहे, पण ती अनंतावर पळून गेली आहे. मॅक्सवेलच्या बेटाला किनारा होता. या प्रदेशाला नाही.

म्हणूनच १९७३ साली अँब्रोसेट्टी आणि राबिनोविट्झ यांनी खिंडीचं अस्तित्व सिद्ध करणारं प्रमेय दिलं, तेव्हा त्यात एक अट घातली: उतार मंदावत मंदावत वाट अनंताकडे निसटता कामा नये. आणि ही निसटण्याची मुभा बहुपदींना किती असते? १९९३ मध्ये ॲलन डर्फी आणि चार सहलेखकांनी दोन चलांच्या बहुपदींच्या सपाट जागा मोजण्यावर लेख लिहिला. १९९८ मध्ये डर्फीने दाखवलं, की शिखरं अधिक तळ वजा खिंडी हे उत्तर १ आणि (न − ३) यांतल्या मोठ्या संख्येपलीकडे जात नाही. म्हणजे चौथ्या घातापर्यंत बिनखिंडीची दोन खोरी अशक्य. वरची बहुपदी सहाव्या घाताची आहे.

कॉलेजात आम्ही निकष पाठ केले, गुण मिळवले. अनंतावर काय घडतं हे कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. आज यंत्रांना शिकवतानाही उतारावरून घरंगळत तळ शोधतात. तळ सापडला की थांबावंसं वाटतंच. अशा वेळी कागदावर −२ आणि ३ घालून ती −५ पुन्हा एकदा काढून पाहावी.