सटीक, अचूक, काटेकोर

डोईफोडियात मराठी आणि हिंदी एकाच ओसरीवर नांदत आल्या आहेत. त्यामुळे एखाद्या शब्दाने वेष पालटला की ते आमच्या चटकन ध्यानी येते. ‘सटीक’ हा असाच शब्द. मराठी वाचकाला त्यावरून टीकेसह छापलेली पोथी आठवते. हिंदी वृत्तपत्रात मात्र ‘सटीक जानकारी’ म्हणजे बिनचूक माहिती. इंग्रजीतील ‘अ‍ॅक्युरेट’ आणि ‘प्रिसाइज’ या दोहोंपुढे इकडील भाषांतरकार हाच एक शब्द ठेवून मोकळा होतो.

वास्तविक हे दोन शब्द एक नव्हेत. पहिल्याच्या मुळाशी लॅटिनमधील काळजी आहे, दुसऱ्याच्या मुळाशी कापणे. मोजमापाच्या शास्त्राने त्यांची आणखी फारकत केली. मोजलेले माप खऱ्याच्या जवळ असेल तर ते ‘अ‍ॅक्युरेट’. पुनःपुन्हा मोजूनही तेच माप येत असेल तर ‘प्रिसाइज’. दुसरे असले म्हणजे पहिले असेलच असे नाही.

हा भेद ज्यांनी हाडे झिजवून सांभाळला त्यांतला एक मनुष्य आमच्या शेजारच्या विदर्भातच विसावला आहे. कर्नल विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभिले, सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र बरोबर वागविले आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे देह ठेविला. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढविताना ते यंत्र आपटले. तेव्हा तंबूत बसून त्याने स्वतःच्या हातांनी त्याचे वाकलेले चक्र पूर्ववत केले. बीदरची पायारेषा त्याच्या काळी, १८१५ साली, साखळीने मोजली गेली. उन्हाने लोखंड लांबते, म्हणून साखळीचे तापमान टिपावे लागे आणि ती प्रमाण मापाशी ताडावी लागे. तरीही त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याच्या कारकिर्दीत, १८४१ मध्ये, तीच रेषा लोखंड व पितळ यांच्या जोडपट्ट्यांनी पुन्हा मोजली गेली. या पट्ट्यांवरील खुणांचे अंतर उष्णतेने पालटत नसे.

एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले, लॅम्टनच्या वाट्याला हिंगणघाटची कबर आली. असो.

मराठीत ‘अचूक’ आणि ‘काटेकोर’ असे दोन शब्द हाताशी असताना आम्ही ते का वापरीत नाही? काट्याची आठवण तर फारच समर्पक. काटा मधोमध स्थिर राहिला तरी वजनच खोटे असेल तर माल कमी भरतो, हे बाजारात गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आम्हांला हे फार उशिरा कळले. महसुली नोकरीत एका सीमांकनाच्या वेळी आम्ही तीनदा जरीब टाकविली. तिन्ही वेळा खुणेची जागा तीच आली. समाधानाने दगड रोवला. शेजारचा वृद्ध शेतकरी म्हणाला, “साहेब, तीनदा मोजलं खरं, पण साखळी तीच ना?” पाहिले तर दोन-तीन कड्या ताणून उघडलेल्या. दुसरी जरीब आणविली. दगड हातभर मागे आला. तेवढी जमीन म्हाताऱ्याची होती.