एका तारेवर अनेक जातींची यंत्रे

अमेरिकेतल्या शाळांत १९८०च्या दशकात संगणक आले ते तुकड्यातुकड्यांनी, जसे अनुदान मिळेल तसे. वर्गांत ॲपल टू, छपाईच्या कामाला मॅकिंटॉश, कार्यालयात आयबीएमचा पीसी. जुने यंत्र मोडीत काढणे परवडत नसल्याने ही सगळी एकाच इमारतीत नांदत. प्रिंटर महाग, हार्ड डिस्कही महाग. त्या सामाईक वापरायच्या तर यंत्रे एकमेकांना जोडणे भाग होते.

ॲपलचे ॲपलटॉक हे नेटवर्क १९८५मध्ये आले आणि मॅकिंटॉशपुरता प्रश्न सुटला. जोडणीची सोय यंत्रात आधीपासूनच असे आणि प्रत्येक यंत्र आपला पत्ता आपणच ठरवी, त्यामुळे नेटवर्कचा गंध नसलेल्या शिक्षकालाही ते मांडता येई. फॅरलॉन कंपनीच्या फोननेटमुळे तर टेलिफोनची साधी तारही पुरे. वेग मात्र सेकंदाला जेमतेम २३० किलोबिट. पीसींच्या बाजूला नॉव्हेलचे नेटवेअर रुजले होते. त्याची भाषा निराळी आणि तारही बहुधा निराळी.

तारांचे कोडे फास्टपाथसारख्या पेट्यांनी सोडवले; त्या ॲपलची तार इथरनेटला जोडून देत. खरी अडचण फायलींपाशी सुरू होई. पीसींच्या डॉस प्रणालीत फाइलचे नाव आठ अक्षरांचे, पुढे टिंब आणि तीन अक्षरे. मॅकमध्ये एकतीस अक्षरांपर्यंत, मधल्या मोकळ्या जागांसकट. शिवाय मॅकची फाइल दुपदरी. एका पदरात मजकूर, दुसऱ्यात चित्रखुणा, मेनू आणि खुद्द प्रोग्रॅमचे कोडही. डॉसच्या डिस्कवर या दुसऱ्या पदराला जागाच नव्हती, म्हणून तिथे जाऊन परत आलेला प्रोग्रॅम मॅकवर उघडत नसे. साध्या मजकुरातही ओळ संपल्याची खूण मॅकची एक, युनिक्सची दुसरी आणि डॉसला दोन्ही एकदम लागत.

यावर तोडगा निघाला तो सर्व्हरलाच दुभाषी करण्याचा. नेटवेअरने मॅकसाठी वेगळी जोड दिली, तर १९९३च्या विंडोज एनटी सर्व्हरमध्ये ती सोय अंगचीच होती. मॅकला तिथे ॲपलचा सर्व्हर दिसे, पीसीला नेहमीसारखा एक ड्राइव्ह. फाइलचा दुसरा पदर सर्व्हर आतल्या आत जपून ठेवी. यंत्रांनी आपली सवय सोडली नाही, सगळा भार सर्व्हरने उचलला आणि त्याच्या परवान्यांचा खर्च शाळेने.

फुकट पर्याय आला तो एका विद्यार्थ्याच्या गरजेतून. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या पीसीवरून युनिक्स यंत्रावरच्या फायली हव्या होत्या. तारेवरून जाणारी पॅकेट न्याहाळून त्यांनी पीसी आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण ओळखली आणि १९९२च्या सुरुवातीला आपला सर्व्हर जगासाठी खुला केला. पुढे त्याचे नाव सांबा झाले. मॅकसाठी असेच काम नेटाटॉक करी. दोन्ही एकाच लिनक्स यंत्रावर चालत, त्यामुळे टाकून द्यायच्या पीसीतूनही शाळेचा सर्व्हर उभा राहू लागला. शाळांच्या दृष्टीने या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल बहुधा हेच.

मधल्या काळात इंटरनेटने सगळ्यांना टीसीपी/आयपी या एकाच नेटवर्क-भाषेवर आणले. कॅलिफोर्नियात ९ मार्च १९९६ रोजी ‘नेट डे’ला स्वयंसेवकांनी शाळांमध्ये तारा ओढल्या, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि उपाध्यक्ष गोर हेही काँकॉर्डच्या एका शाळेत त्या कामाला लागले. छायाचित्रांना ते साजेसे होते, पण फायलींचा पेच तारांनी सुटणारा नव्हता. २००२च्या मॅक ओएस एक्स १०.२मध्ये ॲपलने सांबाच आत घेतले, २००९मध्ये ॲपलटॉक काढून टाकले आणि २०१३पासून फायली सामाईक करण्यासाठी विंडोजचीच पद्धत मॅकची पहिली पसंती ठरवली.